एकच डेब सगळीकडे चालेल का? चार लिनक्सवर इंकस्केप, गिंप आणि स्क्रायबस सारखं ठेवण्याबद्दल

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नाशिकमध्ये सातपूर, अंबड आणि नाशिकरोड मिळून काही छपाईवाले आणि डिझाइनवाले एकत्र आले आहेत, सोबत एक प्रशिक्षण वर्ग आहे. लिनक्सची डिस्ट्रिब्युशन, म्हणजे तयार संच, मात्र वेगवेगळी: कुणाकडे मिंट २१, कुणाकडे उबंटू २४.०४, दोघांकडे डेबियन १२ आणि वर्गात नव्याने टाकलेलं डेबियन १३. द्राक्षाच्या पेट्यांची लेबलं, लग्नपत्रिका, फ्लेक्स अशी कामं तुम्ही एकमेकांकडे पाठवता. म्हणून इंकस्केप (रेखाकृती आणि लेबलं), गिंप (फोटो) आणि स्क्रायबस (पानांची मांडणी) सगळीकडे सारखं हवं, आणि त्यासाठी एकदाच डेब फाइल, म्हणजे प्रोग्राम बसवायची फाइल, तयार करून ती सगळ्या मशीनवर टाकता येईल का, हे काम आपसात कसं वाटायचं, असं तुम्ही विचारलंय.

आधी सरळ उत्तर देतो. एकच डेब फाइल चालणार नाही. एकच सोर्स पॅकेज, म्हणजे ज्यापासून डेब बांधतात तो मूळ कोड, मात्र चालेल, आणि मेहनत तिथेच घालायची. पण त्याहून आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. तुम्हाला प्रोग्रामचा आवृत्ती-क्रमांक सारखा नकोय. सातपूरला केलेली फाइल नाशिकरोडला उघडल्यावर तशीच दिसावी आणि तशीच छापून निघावी, हे तुम्हाला हवंय. या दोन मागण्या एकच नाहीत, आणि दुसरीचा बराच भाग पहिलीशिवाय साधतो. त्याकडे पुढे येतोच.

एकच डेब का चालत नाही ते इंकस्केपवरूनच दाखवतो, कारण ते सगळ्यात स्वच्छ उदाहरण आहे. इंकस्केप पीडीएफ आत घेण्यासाठी पॉप्लर ही लायब्ररी (इतर प्रोग्रामांना लागणारा तयार कोड) वापरतं, आणि तेही तिचा आतला सी-प्लस-प्लस भाग, जो दर थोड्या महिन्यांनी बदलतो. तो बदलला की लायब्ररीचा क्रमांक बदलतो आणि तो क्रमांक पॅकेजच्या नावातच असतो. उबंटू २२.०४ मध्ये, म्हणजेच मिंट २१ मध्ये, लिबपॉप्लर ११८ आहे. डेबियन १२ मध्ये १२६, उबंटू २४.०४ मध्ये १३४ आणि डेबियन १३ मध्ये १४७. डेबियन १२ वर बांधलेलं इंकस्केप लिबपॉप्लर १२६ मागणार, आणि ते बाकीच्या तीन ठिकाणी अस्तित्वातच नाही. डीपीकेजीला (डेब बसवणाऱ्या प्रोग्रामला) जबरदस्ती करून बसवलंत तर प्रोग्राम उघडणारच नाही.

'सगळ्यात जुन्या सिस्टिमवर बांधा, म्हणजे नव्यांवर चालेल' असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. तो जीलिबसी या मूळ लायब्ररीपुरता बरोबर आहे. उबंटू २२.०४ मध्ये ती २.३५ आहे, डेबियन १२ मध्ये २.३६, उबंटू २४.०४ मध्ये २.३९ आणि डेबियन १३ मध्ये २.४१, आणि २.३५ वर बांधलेलं पुढच्यांवर चालतं. पण पॉप्लर, टूजीऑम, बूस्ट यांसारख्या लायब्ऱ्यांना हा नियम लागू होत नाही, आणि ग्राफिक्सचे प्रोग्राम नेमके अशाच लायब्ऱ्यांवर उभे असतात. त्यात भर म्हणून २०२४ मध्ये वेळ मोजण्याच्या पद्धतीतला ६४-बिटचा मोठा बदल झाला, आणि उबंटू २४.०४ आणि डेबियन १३ मध्ये कित्येक लायब्ऱ्यांच्या पॅकेज-नावामागे 'टी६४' लागलं. नेहमीच्या ६४-बिट मशीनवर नवं पॅकेज जुनं नावही पुरवतं, त्यामुळे जुनं डेब नव्यावर बऱ्याचदा बसतं. उलट दिशेने कधीच नाही. बसणं आणि चालणं यातला फरक गिऱ्हाईक समोर उभं असताना कळावा, असं कुणालाच नको असतं.

आता जे एकच डेब म्हणून खरोखर चालतं, त्याकडे या. ज्या पॅकेजमध्ये मशीनसाठी बांधलेला कोड नसतो, त्याचं आर्किटेक्चर 'ऑल' असतं. फॉन्ट, रंगांच्या आयसीसी प्रोफाइल, इंकस्केपचे टेम्प्लेट, रंगपट्ट्या, स्क्रायबसच्या पानांचे साचे हे सगळं यात येतं. तुमच्या चारही सिस्टिमवर अशी एकच फाइल जशीच्या तशी बसते. आणि माझा अनुभव असा की 'तिकडे वेगळं दिसतं' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच निघतं.

हे जरा जवळून बघू. पाच किलोच्या पेटीचं लेबल आहे, त्यावर 'निर्यातक्षम द्राक्षे' अशी ओळ जाड ठशात बसवली आहे. ज्या मशीनवर ती केली तिथे तो फॉन्ट होता. दुसऱ्या मशीनवर तो नाही. फॉन्ट शोधून देणारं फॉन्टकॉन्फिग अशा वेळी थांबत नाही, त्यातल्या त्यात जवळचा देवनागरी फॉन्ट मुकाट्याने उचलतं. नव्या फॉन्टमध्ये 'क्ष' जरा रुंद आहे, 'र्या' वरचा रफार वेगळ्या जागी बसतो, आणि ओळ इतकी वाढते की 'द्राक्षे' खाली सरकतं आणि बारकोडवर चढतं. इंकस्केपची आवृत्ती दोन्हीकडे एकच असली तरी हे होणारच. तेव्हा पहिलं सामायिक पॅकेज फॉन्टचं करा. मुक्त परवान्याचे जे देवनागरी फॉन्ट तुम्ही कामात वापरता ते ठरावीक आवृत्तीसह त्यात घाला. श्रीलिपीसारखे विकत घेतलेले फॉन्ट मात्र सामायिक रेपोत (पॅकेज साठवायच्या आणि वाटायच्या जागेत) टाकू नका, परवाना ज्याच्या मशीनचा असतो त्याच्याच मशीनपुरता असतो. अशा फॉन्टमधला मजकूर दुसरीकडे पाठवताना त्याचा पाथ (अक्षरांच्या बाह्यरेषा) करून पाठवावा, आणि मूळ फाइल वेगळी जपावी.

मग आवृत्ती कुठे खरोखर आड येते? जिथे फाइलच्या रचनेत बदल झालाय तिथे. इंकस्केपमध्ये एका फाइलमध्ये अनेक पानं ठेवायची सोय १.२ मध्ये, म्हणजे २०२२ मध्ये आली. मिंट २१ मध्ये इंकस्केप १.१ आहे. सहा मापांची लेबलं सहा पानांवर ठेवलेली फाइल तिथे उघडली की पानांची कल्पनाच त्याला नसते, आणि पीडीएफ काढली तर पाच लेबलं गायब. गिंपचंही तसंच. ३.० मार्च २०२५ मध्ये आलं. डेबियन १३ मध्ये ते आहे, तुमच्या बाकीच्या तीन सिस्टिममध्ये २.१० आहे. ३.० मधल्या नव्या सोयी वापरून जपलेली एक्ससीएफ (गिंपची स्वतःची) फाइल २.१० उघडत नाही, आणि २.१० चे प्लगइन ३.० मध्ये चालत नाहीत. स्क्रायबसची १.४ मालिका कुठे शिल्लक असेल तर ती आजच काढा. तिच्यात देवनागरी जोडाक्षरं नीट जुळत नाहीत, ती सोय १.५ मालिकेत हार्फबझ ही अक्षरं जुळवणारी लायब्ररी आल्यावर झाली, आणि १.५ पासूनच्या फाइली १.४ मध्ये उघडतही नाहीत.

जुन्या संग्रहातल्या फाइलींबद्दल एक वेगळी सूचना. २०१७ च्या जानेवारीत आलेल्या इंकस्केप ०.९२ ने इंचाला ९० ऐवजी ९६ पिक्सेल हे माप धरलं. त्याआधीची पिक्सेलमध्ये मापलेली फाइल न तपासता उघडली तर १०० मिलिमीटरचं लेबल ९३.७५ मिलिमीटरचं होतं. अशी फाइल उघडताना इंकस्केप काय करायचं ते विचारतं, तो प्रश्न घाईत बंद करू नका. पॅकेजिंग कितीही चांगलं केलं तरी हे त्यातून सुटत नाही.

आता आराखड्याकडे. इथून पुढचं तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि तीन गोष्टी मला तुमच्या प्रश्नातून कळल्या नाहीत: एकूण मशीन किती, दर आठवड्याला यासाठी वेळ देणारा निदान एक माणूस आहे का, आणि प्रत्येक ठिकाणी इंटरनेट बरं आहे का. मशीन मोजकी असतील तर स्वतःचं पॅकेजिंग करूच नका, सगळे एकाच डिस्ट्रिब्युशनवर या. मशीन बरीच असली तरी आधी डिस्ट्रिब्युशनांची संख्या कमी करा. डेबियन १२ वाले दोघे १३ वर जाऊ शकतात. मिंट २१ ज्यावर उभं आहे त्या उबंटू २२.०४ चा मोफत आधार एप्रिल २०२७ पर्यंतच आहे, आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात सिंहस्थाची पर्वणी आहे. तेव्हा नाशिकमधला प्रत्येक छापखाना रात्रंदिवस चालणार, आणि त्या गर्दीत सिस्टिम बदलायला कुणाला उसंत मिळणार नाही. मिंट २१ चं मिंट २२ त्याआधीच करून घ्या. एवढं केलंत की चार लक्ष्यांची दोन होतात: डेबियन १३ आणि उबंटू २४.०४. मिंट २२ ला वेगळं बिल्ड लागत नाही, ते उबंटू २४.०४ चीच पॅकेज वापरतं.

मिंटबद्दल एक बारीक गोष्ट, जी हमखास अडवते. रेपोची ओळ लिहिताना डिस्ट्रिब्युशनचं टोपणनाव लागतं, आणि बऱ्याच स्क्रिप्ट ते सिस्टिमला विचारून भरतात. मिंट २२ आपलं नाव 'विल्मा' सांगतं, तुमच्या रेपोत मात्र 'नोबल' असणार, कारण बिल्ड उबंटूचं आहे. मग एपीटी, म्हणजे रेपोतून पॅकेज आणणारा प्रोग्राम, 'असा रेपो सापडला नाही' म्हणून अडून बसतो. ओएस-रिलीज फाइलमध्ये उबंटूचं टोपणनाव वेगळ्या ओळीत दिलेलं असतं, स्क्रिप्टने ते उचलावं.

कुठला प्रोग्राम कसा द्यायचा, याबद्दल माझं मत ठाम आहे. तीनही स्वतः बांधायच्या भानगडीत पडू नका. गिंप ३ जुन्या सिस्टिमवर आणायचं तर त्याच्यासोबत बाबल आणि जेगल या दोन लायब्ऱ्याही नव्या लागतात, आणि त्या बदलल्या की त्यांच्यावर अवलंबून असलेले इतर प्रोग्रामही तुमच्या जबाबदारीत येतात. गिंप फ्लॅथब या साइटवरून फ्लॅटपॅक म्हणून घ्या, म्हणजे तो आपल्या लायब्ऱ्या सोबत घेऊनच येतो. मिंटमध्ये फ्लॅटपॅक आधीपासून असतं, उबंटू आणि डेबियनवर एपीटीने बसवता येतं. सिस्टिमवर बसवलेले फॉन्ट फ्लॅटपॅकला दिसतात, त्यामुळे तुमचं फॉन्टचं पॅकेज तिथेही कामाला येतं. उबंटूचा असाच दुसरा प्रकार, स्नॅप, हा समान मार्ग होऊ शकत नाही, कारण मिंटने २०२० च्या मिंट २० पासून ते मुद्दाम बंद ठेवलंय. फ्लॅटपॅकची किंमत म्हणजे डाउनलोडचा आकार आणि आपोआप पुढे सरकणारी आवृत्ती. दुसरी अडचण 'मास्क' ही फ्लॅटपॅकची कमांड वापरून काही काळ रोखता येते.

इंकस्केप आणि स्क्रायबस मात्र डेब म्हणून ठेवावं असं मला वाटतं. इंकस्केपला तुमच्यासारखे लोक कमांडवरून चालवतात, शेतकऱ्यांची यादी आणि नोंदणी क्रमांक सीएसव्हीमधून घेऊन एका दमात शेकडो लेबलं काढतात, त्यासाठी पायथॉनची एक्स्टेन्शन लिहितात. हे सगळं सिस्टिमच्या पायथॉनशी, घोस्टस्क्रिप्टशी आणि फोल्डरांशी जोडलेलं असतं. फ्लॅटपॅकच्या चौकटीत ते जमतं, पण प्रत्येक नव्या स्क्रिप्टला परवानग्यांशी झुंजावं लागतं.

बिल्डची रचना अशी ठेवा. डेबियन १३ मध्ये असलेलं इंकस्केप १.४ चं सोर्स पॅकेज मूळ धरा. स्वतःची 'डेबियन' फोल्डर (पॅकेज बांधायच्या सूचनांची) शून्यातून लिहू नका, तिथल्या देखभाल करणाऱ्यांनी वर्षानुवर्षं सोसलेल्या अडचणी तिच्यात नोंदलेल्या आहेत. डेबियन १३ वर काही बांधायचंच नाही, तिथलं अधिकृत पॅकेज वापरायचं. उबंटू २४.०४ मध्ये १.२.२ आहे, तिथे हे सोर्स पुन्हा बांधायचं. गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या प्रोग्राममध्ये) मूळ शाखा एक आणि उबंटूसाठी एक, दुसरीत फक्त चेंजलॉगची नोंद आणि अटळ असलेले बदल. कुठल्याही मशीनवर थेट हाताने बांधू नका. एसबिल्ड या डेबियनच्या बांधणी-साधनाने प्रत्येक वेळी स्वच्छ वातावरणात बांधा, म्हणजे कुणाच्या मशीनवर आधीच पडलेल्या लायब्ररीच्या जोरावर बिल्ड पास झालं असं होणार नाही. इंकस्केपच्या आधी टूजीऑम ही भूमितीची लायब्ररी नव्या आवृत्तीत बांधावी लागेल, ती गरज पहिल्याच बिल्डला समोर येईल.

दोन्हीकडे एकच कंट्रोल फाइल (पॅकेजची माहिती देणारी) चालावी म्हणून डिपेंडन्सीत, म्हणजे लागणाऱ्या पॅकेजच्या यादीत, 'हे किंवा ते' असं लिहिता येतं. पण एसबिल्ड बांधणीच्या वेळी नेहमी पहिलाच पर्याय बघतो, दुसरा बघायला त्याला वेगळं सांगावं लागतं. आणि पॅचची (मूळ कोडवरच्या छोट्या दुरुस्त्यांची) उबंटूसाठी वेगळी यादी ठेवायची जुनी सोय वापरू नका. एकच सोर्स वेगवेगळ्या मशीनवर वेगवेगळं उघडतं म्हणून डेबियनच्या तांत्रिक समितीने २०१८ मध्ये तिच्याविरुद्ध निर्णय दिला. पॅच लागलाच तर तो दोन्हीकडे बिनधोक चालेल असा लिहा, आवृत्ती तपासणारी अट कोडमध्येच घाला. पॉप्लरसाठी इंकस्केपच्या कोडमध्ये अशा अटी आधीच आहेत, त्या नमुना म्हणून बघा.

आवृत्तीच्या नावात टिल्ड (~) वापरायला शिका, बाकी काही विसरलात तरी चालेल. डीपीकेजीच्या हिशेबात टिल्ड रिकाम्या जागेपेक्षाही खाली धरतात. म्हणजे मूळ पॅकेज '१.४-६' असेल आणि तुमचं '१.४-६~उबंटू२४.०४+१', तर तुमचं किंचित खालचं ठरतं. उद्या ते मशीन नव्या सिस्टिमवर गेलं की अधिकृत पॅकेज आपोआप तुमच्याची जागा घेतं. टिल्डऐवजी अधिक चिन्ह लावलंत तर तुमचं जुनं बिल्ड नव्या सिस्टिमवरही चिकटून राहील. आणि इपॉक, म्हणजे आवृत्तीच्या आधी येणारा तो '१:', स्वतःहून कधीही घालू नका. एकदा घातला की काढता येत नाही. डेबियनमधल्या क्रिता या चित्रकलेच्या प्रोग्रामला तो आहे, आणि प्रत्येक पुढच्या आवृत्तीला तो वागवावा लागतो.

इथवर एवढं पक्कं धरा: फॉन्ट आणि साचे एकाच डेबमध्ये सगळीकडे, गिंप फ्लॅटपॅकने, इंकस्केप आणि लागलं तर स्क्रायबस एकाच सोर्समधून फक्त तिथे बांधायचं जिथे अधिकृत आवृत्ती जुनी आहे.

सुरक्षेचा भाग लोक सोडून देतात, म्हणून त्यावर जरा थांबतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये गिंप २.१०.३६ आलं. त्यात पीएसडी, डीडीएस आणि पीएसपी फाइली वाचणाऱ्या कोडमधल्या गंभीर त्रुटी दुरुस्त केल्या होत्या, मुद्दाम बनवलेली फाइल उघडली की मशीनवर परका कोड चालू शकावा अशा. डेबियन १२ ने त्या दुरुस्त्या आपल्या २.१०.३४ मध्ये आणून दिल्या, आणि नेहमीचे अपडेट घेणाऱ्यांना काहीच करावं लागलं नाही. तुमच्या मशीनवर तुमच्या रेपोतली वरची आवृत्ती बसलेली असेल, तर अशी अधिकृत दुरुस्ती खालच्या क्रमांकाची ठरून तुमच्यापर्यंत पोचतच नाही. ती तुम्हालाच आणावी लागते. छापखान्यात दिवसभर व्हॉट्सॲपवरून गिऱ्हाइकांच्या फाइली येतात आणि त्या न विचारता उघडल्या जातात. ही जबाबदारी निभावणारा माणूस नसेल तर पॅकेज बांधू नका, असं मी स्पष्टच सांगेन.

रेपो आप्टली या साधनाने ठेवा. त्यात प्रत्येक स्थितीचा स्नॅपशॉट राहतो, त्यामुळे बिघडलं तर मागच्या स्नॅपशॉटकडे वळणं सोपं जातं. रिलीज फाइलमध्ये 'नॉटऑटोमॅटिक' आणि 'बटऑटोमॅटिकअपग्रेड्स' या दोन्ही ओळींना 'येस' द्या. मग रेपोचं प्राधान्य ५०० ऐवजी १०० होतं, डेबियन बॅकपोर्ट्सप्रमाणेच (जुन्या डेबियनसाठी नवी पॅकेज देणारा रेपो): मागितल्याशिवाय काही बसत नाही, पण मागून बसवलेलं पुढे अद्ययावत राहतं.

चाचणीसाठी तुमच्याच कामातल्या खऱ्या फाइली घ्या. एक अनेक पानांचं लेबल, एक जोडाक्षरांनी भरलेली पत्रिका, एक चार रंगांत विभागायचं पान. प्रत्येक नव्या बिल्डनंतर त्या कमांडवरून पीडीएफ आणि पीएनजीमध्ये काढा आणि मागच्या बिल्डच्या पीएनजीशी जुळवा. पीडीएफमध्ये फॉन्ट खरोखर आत गेलेत का, ते पीडीएफफॉन्ट्स ही पॉप्लरसोबत येणारी कमांड क्षणात सांगते. या चाचण्या पॅकेजच्याच टेस्ट फोल्डरमध्ये ठेवल्या की ऑटोपीकेजीटेस्ट हे साधन त्या आपोआप चालवतं. नवी आवृत्ती जाहीर करायची ती पाऊस लागल्यावर, कामं जरा उतरली की. जानेवारी ते एप्रिल द्राक्षाचा हंगाम आणि दिवाळीच्या आधीचे दोन महिने रेपो गोठवा, त्यात फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या जाऊ द्या. २०२७ मध्ये पावसाळाही गोठवलेलाच धरा.

काम वाटताना डिस्ट्रिब्युशनप्रमाणे वाटू नका. 'तू उबंटू बघ, मी डेबियन बघतो' असं केलं की सहा महिन्यांत दोन वेगळी सोर्स तयार होतात. प्रोग्रामप्रमाणे वाटा: इंकस्केप एकाकडे, त्याची सगळी बिल्ड त्याच्याकडेच, आणि दुसऱ्या कुणीतरी ते तपासल्याशिवाय रेपोत जायचं नाही. फॉन्टचं पॅकेज प्रशिक्षण वर्गाकडे द्या. विद्यार्थ्यांना पॅकेजिंग शिकायला त्याहून चांगली जागा नाही, आणि चूक झाली तरी काही बंद पडत नाही.

बिल्ड करताना एखादी खरी चूक सापडली, समजा मराठी भाषांतरातली किंवा देवनागरी मजकुराच्या हाताळणीतली, तर पॅच आपल्याच रेपोत दडवू नका. आधी मूळ प्रकल्पाकडे द्या, आणि चूक पॅकेजमधली असेल तर सालसा या डेबियनच्या कोड-साइटवर. उबंटू प्रत्येक आवृत्तीच्या सुरुवातीला डेबियनकडूनच पॅकेज ओढून घेतं आणि मिंट उबंटूकडून, त्यामुळे तिथे एकदा घेतलेली दुरुस्ती पुढच्या खेपेला तुमच्या सगळ्या मशीनवर तुमच्या हाताशिवाय येते. सीडॅक या सरकारी संस्थेचं बॉस लिनक्सही डेबियनवरच उभं आहे, म्हणजे ती शाळा-कार्यालयांतल्या मशीनपर्यंतही जाऊ शकते. तुमच्या सामायिक रेपोत दरवर्षी पॅकेज कमी होत गेली, तर ते चांगलं चाललंय असं समजा.

सुरुवात फॉन्टच्या पॅकेजने करा, मग उबंटू २४.०४ साठी टूजीऑम आणि त्यानंतर इंकस्केप. बिल्ड कुठे अडकलं तर एसबिल्डचा पूर्ण लॉग पाठवा, नुसती शेवटची त्रुटी नको. खरं कारण बहुधा पन्नासेक ओळी वर असतं.